वाणाच्या बरण्या

प्रयोगशाळेतली रिकामी बाटली घरी न्यायची नाही, फोडून टाकायची, हे मी जन्मभर लोकांच्या डोक्यात भरवलं. समोर मला सुरक्षिततेचे साहेब म्हणत, पाठीमागं 'बाटलीफोडे'. ही अक्कल मला कुठं आली, ते मात्र मी कुणाला सांगत नसे.

पन्नासच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. उसाचा रस तपासण्याआधी तो नितळ करायला आम्ही शिशाची पांढरी पूड घालायचो. ती रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांतून यायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटावं, याचा बायकोनं घोर लावून घेतला होता, तेव्हा मीच रिकाम्या बरण्या धुऊन तिच्यापुढं मांडल्या. तळाशी पांढरा थर राहिला होता, तो पाण्यानं निघेना. वस्तीतल्या बायका तरीही हरखून गेल्या.

एक बरणी घरी उरली होती. तिच्यात बायकोनं लिंबाचं लोणचं घातलं. काही दिवसांनी पाहतो, तर तळ लख्ख. थर गेला कुठं, हे केमिस्टला कुणी सांगायला नको. लिंबानं शिसं लोणच्यात उतरवलं होतं, आणि शिसं म्हणजे विष. लोणचं मी परसात खड्डा खणून पुरलं.

बारामतीहून नव्या बरण्या आणल्या आणि जुन्या बदलून आणायला बायकोलाच पाठवलं. शिकल्यासवरल्या माणसानं घरोघर विष वाटलं, हे सांगायची माझी छाती झाली नाही. माल कारखान्याचा आहे, साहेब परत मागतायत, असं मी तिला खोटंच सांगितलं. तेच तिनं दारोदार सांगितलं. बरण्या आल्या, पण चोरीचं वाण लुटणारी, दिलेलं परत मागणारी, असं तिचं नाव झालं. पुढच्या संक्रांतीला तिला कुणी बोलावलं नाही. मी गप्प बसलो. कुणाच्या पोटात किती गेलं, तेही विचारायला गेलो नाही. त्याची लाज अजून जात नाही.

नोकरी संपल्यावर एकदाचं तिला खरं सांगितलं. ती मेथी निवडत होती. 

"बरण्यांत विख हाय म्हणून सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर म्या मान वर करून मागितल्या असत्या."