सहा मीटर नळी

मामाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खात होते. फोटोत एक मोठा लोखंडी ड्रम होता, वर घट्ट बसवलेलं झाकण, आणि झाकणातून निघालेली तांब्याची नळी शेजारच्या पाण्याच्या टाकीत गोल गोल फिरून खालून बाहेर आली होती. मामाने लिहिलं होतं, "बरोब्बर सहा मीटर. तू लिहिलं तसंच. रविवारी पेटवतो, सारे या." आधी वाटलं, मामा मस्करी करून राहिला. मग फोटो मोठा करून पाहिला. मस्करी-बिस्करी काही नव्हती. पोहे तसेच टाकून मी उठले.

हा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नरखेड तालुक्यात त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. तोड झाली की चुरी उरते, म्हणजे लिंबाएवढा बारका माल. त्याला कोणी हात लावत नाही, बांधावर सडतो. मी केमिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमचा प्रोजेक्ट होता संत्र्याच्या सालीतून तेल काढायचा. रिपोर्ट बाइंड होऊन आला, काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, तेव्हा त्याची एक प्रत मी मिरवायला म्हणून मामाला नेऊन दिली. शोकेसमध्ये ठेवेल, पाहुण्यांना दाखवेल, एवढंच डोक्यात होतं. हा माणूस तो रिपोर्ट घेऊन सरळ वेल्डरकडे जाईल हे मला काय माहीत!

तेल काढायची रीत अशी. साली पाण्यात टाकायच्या, खाली जाळ लावायचा. वाफेसोबत तेल वर येतं. ती वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून नेली की तिचं परत पाणी होतं आणि तेल वर तरंगतं. सारा खेळ त्या नळीचा आहे. नळी आखूड पडली तर वाफ थंड होत नाही, तशीच बाहेर येते, आणि तिच्यासोबत तेलाचीही वाफ येते. आणि ती पेट घेते.

नळी किती लांब पाहिजे हे ठरवायला आधी प्रयोग करावा लागतो. थंड पाणी वाफेची उष्णता किती भराभर ओढून घेतं, हे मोजावं लागतं. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी मशीन होतं. त्याचा पंप जाम होता आणि चारपैकी दोन थर्मामीटर फुटलेले होते. सीनियर सांगायचे की त्यांच्या वेळीही ते असंच होतं. मग करायचं काय? बॅक कॅल्क्युलेशन. पुस्तकातलं उत्तर घ्यायचं, उलटं गणित करत मागे यायचं, आणि त्या उत्तराला जुळतील अशी रीडिंगं तक्त्यात भरून टाकायची. आता फार तंतोतंत जुळलं की संशय येतो, म्हणून दोन-चार रीडिंगं मुद्दाम जराशी बिघडवायची. कुठलं बिघडवायचं आणि किती, यात मी वर्गात एक नंबर होते. पोरं माझ्याकडे जर्नल घेऊन यायची, "माझे पण बिघडवून दे ना यार," म्हणायची, आणि मी शहाणी पेन घेऊन बसायचे.

प्रोजेक्टमध्येही तेच केलं. काचेच्या चंबूत चमचाभर तेल काढलं होतं, तेवढं खरं. बाकी सगळं एका दुपारी मैत्रिणीच्या होस्टेलच्या खोलीत, मी आणि माझी पार्टनर, चिवडा खात खात. शेवटी मोठ्या ड्रमसाठी नळीची लांबी काढायची होती; त्यासाठी उष्णता ओढून घेण्याचा पुस्तकात सगळ्यात चांगला जो आकडा होता तो उचलला, कारण त्याने उत्तर सुटसुटीत येत होतं. सहा मीटर. सरांनी पान उलटत म्हटलं, "रिझल्ट फार छान आलेत." मला इतका आनंद झाला की बापा! शरम म्हणून वाटली नाही.

फोटो आला त्या गुरुवारी मी पार्टनरला गाठलं. ती शहरातल्याच सक्करदऱ्याची, थंड डोक्याची. फोटो पाहून म्हणाली, "अरे वा, बनला पण!" मी म्हटलं, "अगं, तो आकडा आपण ठोकून दिला आहे." ती म्हणाली, "टेन्शन काहून घेऊन राहिली? बसलं तर बसलं बरोबर. अन् कोणाला सांगू नको बरं, व्हायवा आहे पंधरा दिवसांनी." तिचं काय चुकलं? मला स्वतःलाही आधी ती तोंडी परीक्षाच आठवली होती. मामा नंतर आठवला. हे लिहिताना आजही माझीच मला चीड येते.

शुक्रवारी लायब्ररीत बसून संत्र्याच्या तेलाची सुरक्षेची माहिती वाचली. प्रोजेक्ट करताना ती कधी उघडलीच नव्हती. ज्वलनशील. वाफ जमिनीलगत पसरते. ठिणगीपासून दूर ठेवा. मामाच्या ड्रमखाली तर बाभळीच्या लाकडांचा जाळ राहणार होता! मी वही काढली आणि नळीची खरी लांबी काढायला बसले. एकदा नऊ मीटर आलं. मग चौदा. मग साडेअकरा. मधला एक आकडा, लॅबमध्ये मोजायला हवा होता तोच, अंदाजाने टाकावा लागत होता, आणि तो बदलला की उत्तर बदलत होतं. चार वर्षं शिकून मला एका नळीची लांबी सांगता येत नव्हती. पुस्तकावरचं डोकं वर करायची भीती वाटत होती, कोणी पाहिलं तर त्याला कळेल असं.

सरांच्या केबिनपर्यंत गेले. दारातून सर दिसले, पेपर तपासत होते. सांगितलं तर प्रोजेक्ट जाणार, प्रोजेक्ट गेला तर वर्ष जाणार. बाहेर पाच मिनिटं उभी राहिले आणि पाण्याच्या कूलरवर जाऊन पाणी प्यायल्यासारखं करून परत आले.

मग मामाला फोन लावला.

"मामा, रविवारी पेटवू नको ना गा."

"काहून?"

आता बोल, असं मनात म्हणत होते, आणि तोंडातून काय निघालं तर, "ऊन लई आहे."

मामा खो खो हसला. "अवं, भट्टीले ऊन लागते का? साऱ्या गावाले सांगून ठेवलं म्या. माह्या भाचीनं काढलेला हिसाब आहे म्हणून." मी फोन ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आम्ही शहराला लागूनच्या वाडीला राहतो. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर सुपरवायझर आहेत, त्यांना रविवारी सुटी नव्हती. शनिवारी कॉलेजातून घरी आले तर आईने तिची चांगली साडी इस्त्री करून ठेवलेली. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं की पोरीच्या पुस्तकावरून भावाने कारखाना टाकला. "तू काहून अशी तोंड पाडून बसली वं?" तिने विचारलं. मी म्हटलं, पोट दुखतं.

रविवारी सकाळी एसटीने निघालो. आई खिडकीपाशी, पिशवीत मामासाठी सोनपापडीचा डबा. काटोल गेलं, पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बगीचे सुरू झाले. मी सांगायला दहा वेळा तोंड उघडलं. दहाही वेळा आईच बोलली, बाहेर बोट दाखवून, "पाह्य, यंदा झाडं कशी आहेत." फाट्यावर मामा मोटरसायकल घेऊन उभा होता. इतका खूश मी त्याला त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

विहिरीजवळ टिनाची शेड. आत भट्टी, तिच्यावर ड्रम, त्यात साली भरून तयार. जागा अपुरी होती म्हणून वेल्डरने नळीचं तोंड भट्टीच्या बाजूलाच काढलं होतं. जाळापासून हातभर. शेजारच्या शेतांतली सात-आठ माणसं आली होती. मामीने समोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नारळ फुटला, हळद-कुंकू वाहून झालं. मग मामीने काडीपेटी माझ्या हातात दिली.

"तूच पेटव वं बाई. तुह्याच हातानं होऊ दे."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आई तर अशी पाहत होती की जीव जावा. काडी काढली. ती बोटांतून निसटून खाली पडली. कोणीतरी हसलं. दुसरी काढली. नळीच्या तोंडासमोरच्या खुर्चीवर मामी जाऊन बसली होती, पदर सावरत. आणि मग माझ्याच्याने झालं नाही.

"मामा, तो आकडा खोटा आहे," मी म्हटलं.

"कोनता आकडा?"

"सहा मीटर. आम्ही मोजलंच नव्हतं. मशीन बंद होतं. उत्तर आधी घेतलं अन् रीडिंगं मागून लिहिली. सारं खोटं आहे."

"काय बोलून राहिली वं तू?" आई ओरडली. "डोकं फिरलं का?" मी रडायला लागले. बावीस वर्षांची घोडी, चार परक्या माणसांसमोर मुसमुसून रडले. मामा मात्र ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या हातातून काडीपेटी घेतली, खिशात टाकली, आणि विचारलं, "मंग खरा आकडा कोनता?"

"मले माहीत नाही."

"तुले माहीत नाही?"

"नाही."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक जण चप्पल घालून निघूनही गेला. मामा ड्रमपाशी गेला आणि म्हणाला, "साली काढा बाहेर. नुसतं पाणी टाकून पाहू."

घमेल्यांनी साली बाहेर काढल्या, ड्रम धुतला, विहिरीचं पाणी भरलं. मामीला आणि बाकीच्यांना मी झाडाखाली पाठवलं. मामाने जाळ लावला. मी नळीच्या तोंडाखाली बादली ठेवली, मोबाइलवर वेळ लावली आणि वही घेऊन बाजूला उभी राहिले. पाणी कधी उकळलं, पहिला थेंब कधी पडला, टाकीतलं पाणी हाताला कसं लागतं, सगळं लिहीत गेले. थेंब आधी गार पडत होते. मग कोमट. मग बोट लावलं तर चटका बसला. थेंबांची धार झाली, तेव्हा क्षणभर मला वाटलं, बसलं बरोबर! देवा, बसलं! तेवढ्यात नळी फुरफुरली आणि वाफेचा पांढरा लोट सूंऽ करत सरळ भट्टीच्या जाळावर गेला. थांबेचना. समोरची रिकामी खुर्ची त्या वाफेत दिसेनाशी झाली.

नुसतं पाणी होतं म्हणून काही झालं नाही. मामाने लोखंडी सळईने जळती लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं. झाडाखाली मामी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

आलेली माणसं एकेक करून गेली. आम्ही घरी येऊन ओसरीवर बसलो. मामीने चहा केला, माझ्या हाती कप देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मामाने बशीत चहा ओतून फुंकर मारली.

"हे तू एकटीच करत होती का?" त्याने विचारलं.

"सारेच करतात, मामा." बचाव म्हणून बोलले मी. सगळेच करतात म्हटलं की आपलं पाप हलकं होतं, असं वाटलं असेल.

मामाने बशी खाली ठेवली. "सारेच? मंग हे सारे पोरं-पोरी पास होऊन कुठं कामाले लागतात?"

मी सांगायला लागले. कोणी खताच्या कारखान्यात. कोणी गॅसच्या प्लान्टवर. कोणी औषधं बनतात तिथे. बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला, कारण मला एकेकाचं तोंड आठवत होतं आणि त्याच्या जर्नलमधलं मी बिघडवून दिलेलं रीडिंगही. मामा ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर जे दिसत होतं तो राग नव्हता. तो घाबरला होता. बगीच्यात साप मारणारा माझा मामा.

आई खांबाला टेकून बसली होती, सोनपापडीचा डबा तसाच मांडीवर. तिने माझ्याकडे पाहिलं.

"अन् तू?" ती म्हणाली.

कॅम्पसमधूनच मला नोकरी लागली होती. जूनपासून रुजू व्हायचं होतं, एका कारखान्याच्या बॉयलर विभागात. तिला ते माहीत होतं. साऱ्या गल्लीत पेढे तिनेच वाटले होते. तरी तिने विचारलं.