मामाने न बघायचे दात

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर मी ऑपरेटर आहे. उणे अठराच्या खोलीत दिवसातून आठ-दहा वेळा आत-बाहेर करावं लागतं. हातमोजे घातले तरी पाळी सुटल्यावर तासभर माझी बोटं गारच असतात. घरात कुणाला चुकून हात लागला की शिव्या मिळतात. या बोटांचा कुणाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीतच दिलेली. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. एरवी घरात ती, तिची सासू आणि सात महिन्यांची माझी भाची. सासूला मी काकी म्हणतो. पहिली पाळी तीनला सुटते, तेव्हा घरी जाताना मी तिकडे डोकावायचो. एक दिवस गेलो तर पोरीने घर डोक्यावर घेतलेलं. लाळेरं भिजून चिंब, हनुवटीवर पुरळ, हाताला लागेल ते तोंडात कोंबत होती. काकींनी दोऱ्याला बांधलेली खारीक पुढे केली, ती तिने भिरकावली. बहिणीने चावायचा रबरी टिथर दिला, तोही गेला. मी साबणाने हात धुऊन तिला घेतलं, तर तिने माझी करंगळीच पकडून तोंडात घातली आणि गप्प झाली. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत ती हिरडीने बोट दाबत राहिली. एवढ्याशा जबड्यात केवढा जोर असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तिला नक्की काय आवडलं, बोट की गारवा, हा प्रश्न मला काही सोडेना. रविवारी सुट्टी होती, हात कोमट होते, म्हणून मुद्दाम जाऊन बोट दिलं. तिने एकदा दाबून पाहिलं, फसवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे गारवाच. मग किती गार? कामावर मासळीच्या पोटात खुपसून तापमान बघायचा थर्मामीटर असतो, तसला एक नवा कोरा मी विकत आणला आणि त्यांच्या फ्रीजमधल्या चमच्याला लावून बघू लागलो.

"माझी पोरगी म्हणजे सुरमई वाटली काय रे तुला?" बहीण म्हणाली. पण हसत होती. चमचा फ्रीजमध्येच ठेवायचा, फ्रीझरमध्ये नको, नाहीतर हिरडीला चटका बसेल, हे माझं म्हणणं तिने ऐकलं.

रोज बोट फिरवून ती हिरडी मला पाठ झाली होती. एका गुरुवारी करंगळीला वरच्या बाजूला काहीतरी टोचलं. दोन ठिकाणी, नखाच्या कडेसारखं. मला इतका आनंद झाला की मी कामावर रीडिंग सांगतो तसं मोठ्याने सांगून टाकलं. "वर दोन आलेत. खाली अजून काहीच नाही."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. बहिणीने पोरीला माझ्याकडून घेतलं आणि आत निघून गेली.

"असं बोलायचं नसतं ओ," काकी हळूच म्हणाल्या. "मामान् तर वरचं दात बगायचंच नसतात."

"मी बघितले कुठे? नुसतं बोट लागलं," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही.

बाळाला वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी मामाबद्दल. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर बहीण दारातच उभी होती. पोर झोपली आहे म्हणाली, आणि आतून पोरीचं रडणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "खालचे येईपर्यंत येऊ नकोस दादा."

ही माझी बहीण हायस्कूलात विज्ञान शिकवते. ग्रहण असलं की वर्गाला मैदानात नेऊन सगळ्यांना डबे खायला लावते. मला खरंच राग आला. मी तिला नको नको ते बोललो, तुझ्या पदव्या चुलीत घाल म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तू एकच राहिलास."

आम्ही दोन भाऊ आणि ती. थोरला गेल्या वर्षी हातखंब्याला हायवेवर अपघातात गेला. दुपारी जेवून बाइकवरून निघाला होता. तिच्या पोरीला आता मामा म्हणून मीच होतो.

राग गेला, पण कुतूहल काही जाईना. मामालाच का जड? काकाला का नाही, आत्याला का नाही? मी भेटेल त्याला विचारू लागलो. कॅन्टीनवाल्या बाई म्हणाल्या, मामाने नारळ द्यायचा. आमचे सुपरवायझर म्हणाले, मामाने त्या दिवसांत नवीन कपडे घालायचे नाहीत. ज्याला विचारावं त्याचं वेगळंच, पण का, ते कुणालाच सांगता येईना. माझ्या पाळीतला जोडीदार राजिवड्याच्या मुस्लिम मोहल्ल्यातून येतो. तो म्हणाला, "आमच्यात मामूचं असलं काय नाय. पन खालचे येईपर्यंत तू अमोनियाच्या व्हॉल्व्हला हात लावू नको. मी लावतो." खोल्या गार ठेवणारा तो वायू विषारी असतो, आणि त्याने मला खरंच हात लावू दिला नाही. पोरीला नेहमी दाखवतात त्या डॉक्टरांनाही मी गाठलं. वरचे आधी आले तर काय होतं, असं विचारलं. "वरचे आधी येतात, बाकी काही नाही," ते म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही मामा का?"

काकींकडे त्यावर उपाय होता. मामाने चांदीची वाटी दिली की दोष जातो. मी वाटी घेतली आणि शेजारणीच्या हाती पाठवून दिली. काकींनी तीत भात कालवून पोरीला भरवला, आणि आता येऊ दे त्यांना, असं सुनेला सांगितलं. संध्याकाळी मी मोठ्या उमेदीने फोन लावला.

"वाटीने काय होतं दादा? अंधश्रद्धा आहे ती," बहीण म्हणाली.

"आणि दातांचं काय? ती नाही?"

"दात खरे आहेत," ती म्हणाली. "मी बघितलेत."

तिच्या या हिशोबापुढे मी हात टेकले. मग असं ठरलं की मी यायचं, पण अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्याबाहेर थांबायचं. सुती फडकं उकळून, भिजवून, फ्रीजमध्ये किती वेळ ठेवायचं, हे मी तिथून सांगायचो आणि ती आत जाऊन करायची. कधी पोर शांत व्हायची, कधी नाही. शांत झाली की बहीण खिडकीशी येऊन मान हलवायची. नाही झाली की मी करंगळी मुठीत धरून उगाच उभा राहायचो. मला त्या पोरीची इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं. जायला निघालो की बहीण खिडकीतून रोज तेच सांगायची, घरी पोचल्यावर फोन कर. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी मी कामावर असताना फोन आला. "खालचा आला. ये." पाळी सुटायला अजून तास होता, तो कसाबसा काढला.

गेलो तर ती दारात पोरीला घेऊन उभी होती. पोरीला माझ्याकडे देण्याआधी तिने मला नीट बघून घेतलं. तोंड, हात, अगदी पायसुद्धा. मी हात धुऊन आलो. पोरीने मला लगेच ओळखलं, करंगळी तोंडात घातली, आणि खालच्या हिरडीवर एक कोर स्पष्ट लागली. "आलाय," मी म्हणालो.

बहीण उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. आधी मला वाटलं, आनंदाने. पण ते थांबेना. ती थोरल्याला हाका मारून रडत होती. तो गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. रडू नकोस, पोटातल्या बाळाला त्रास होईल, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. मीही बजावलं होतं, आणि तिने आमचं ऐकलं होतं.

काकी तिला गप्प करायला उठल्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि पोरीला घेऊन अंगणात गेलो.