बायकांच्या पातीत गुरुजी

आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, बायकांचा. पुरुष चिखल करतील, धानाची रोपं उपटतील, त्यांच्या पेंढ्या वाहून आणतील. पण कमरेत वाकून, बायकांच्या पातीत मागे मागे सरकत रोप लावणारा पुरुष माझ्या लहानपणी आसगावच्या शिवारात कुणी पाहिला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात तो दिसला, आणि तो आमच्या गावचा सरपंच होता.

सरपंच होण्याआधी ते गावच्या शाळेत शिकवत, आणि निवडून आल्यावरही लोकांचे गुरुजीच राहिले. मला मुळाक्षरं त्यांनी देवळाच्या ओसरीवर शिकवली, कारण तेव्हा शाळेला छप्पर नव्हतं. छप्पर त्यांनी आणलं, सातवीपर्यंतचे वर्गही त्यांनीच आणले. रिटायर झाल्यावर लोकांनी बळेच सरपंच केलं, तेव्हा त्यांनी एक गोष्ट धरली : गावात आठवी. पोरं सायकलीने पवनीला जात. पोरी सातवीनंतर शेतात, आणि तिथून सासरी. मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो, त्यामुळे तिथल्या शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या त्यांच्या खेपा मी पाहत होतो. कधी माझ्या खोलीवर येऊन पाणी पीत आणि म्हणत, "आज साहेब नाही भेटला. बुधवारी येतो." बुधवारी येत.

शेवटी साहेबांनी गावात येऊन पाहायचं कबूल केलं. आठवीला बसतील अशा पुरेशा मुली वर्गात दिसल्या, तर वर शिफारस करू म्हणाले. दिवस ठरला तो ऐन रोवण्यातला.

आदल्या संध्याकाळी गुरुजी आमच्या ओट्यावर आले, पोरीला उद्या शाळेत पाठवा म्हणाले. माझी धाकटी बहीण सातवीत होती, आणि तलावाच्या पाण्याची आमची पाळी नेमकी आलेली. एक हातही सोडता येत नव्हता. बाबांनी रोवण्याला घरी आलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात गेल्यापासून घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं.

"रोवणा होऊ द्या जी गुरुजी," मी म्हणालो. "शाळा काय, पुढंही हाये."

हे मी सहज बोललो नव्हतो. तीही शिकायला लागली तर माझ्या वाट्याचं कमी होईल, अशी भीती होती मला. दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिने केलेल्या मजुरीवरही माझं भंडाऱ्याचं राहणं चाललं होतं. ती दारामागे उभी होती. तिने ते ऐकलं हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गुरुजींनी बाबांना विचारलं, "पोरीच्या जागी एक हात देला तर?"

"या दिवसात हात कुठून आणता?"

"ते माह्याकडं लागलं."

सकाळी ते आमच्या बांधीवर आले. चपला धुऱ्याच्या उंच बांधावर काढल्या, धोतर वर खोचलं, चिखलात उतरले आणि बहिणीच्या हातातली पेंढी घेतली. "जा बाई. हातपाय धू, वेणी घाल, शाळेत जा."

ती बाबांकडे पाहत राहिली. पातीतल्या गावच्या सुनांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. गुरुजी त्यांना सासऱ्याच्या जागी. हसली ती टोकाची म्हातारी, नात्याने त्यांची वहिनी.

"का जी भाऊजी, सरपंचकी सोडली का?"

"नाही वहिनी, तेच करून राहिलो."

"मंग सरळ तरी लावा. पोरायले फूटपट्टीनं मारत होते, अन् तुमची ओळ पाहा, सापावाणी!"

"मारा मले. फूटपट्टी शाळेत हाये, पेंढीनं मारा."

"अन् बाकीच्या पोरी?"

"पंचायतीच्या एकेका मेंबरले एकेक बांधी देली हाये. पाटलाचा पोरगाही उतरला. रडून राहिला, पण रोवून राहिला."

आता पदराआडच्याही हसल्या. बाबा मात्र शरमेने चूर झाले होते. "सरपंचाले चिखलात उतरवलं म्हणून गाव मले का म्हणन!" मग बहिणीवर ओरडले, "जाय ना वं, उभी काहून हायेस?" ती धुऱ्यावरून पळत सुटली.

मी पेंढ्या फेकत होतो. "गुरुजी, साहेब येतील, तुम्ही तरी शाळेत पाहिजे," मी म्हणालो.

"साहेबाले पोरी पाहाच्या हायेत. मले पाहून काय करन?"

दुपार होईपर्यंत त्यांना सरळ उभं राहवेना. धुऱ्याला टेकले, कंबर दाबली आणि पुन्हा उतरले. तेव्हा कुठे मी त्यांच्या शेजारी चिखलात पाय घातला. बाया काही म्हणाल्या असतील, मला ऐकू आलं नाही. गुरुजींनी थोडी जागा केली आणि रोप कसं धरायचं ते दाखवलं. "अंगठ्यानं दाब. खोल नको." सकाळी स्वतः शिकलेलं ते मला लगेच शिकवत होते.

उन्हं उतरताना बहीण शाळेच्या कपड्यांतच आली. सगळ्या पोरी आल्या होत्या. साहेबांनी प्रत्येकीला उभं करून विचारलं होतं, पुढे शिकायचं का.

"झालं ना मंग," बाबा म्हणाले. "उद्या ये रोवण्याले."

"उद्या शाळा हाये," ती म्हणाली. मान खाली नव्हती.

बाबा गुरुजींकडे वळले. ते पाटाच्या पाण्यात पाय धूत होते आणि त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिच्या जागी मी रोवतो," मी म्हणालो.

"अन् तुहं कॉलेज?"

"कॉलेज थांबते."

पुढच्या जूनमध्ये गावात आठवी सुरू झाली आणि ती पहिल्या बाकावर बसली; वरचे वर्गही एकेक करून आले. माझं ओट्यावरचं ते बोलणं त्यामुळे पुसलं गेलं, असं मी मानत नाही. तिची मॅट्रिक होईपर्यंत दर रोवण्याला मी तिच्या पातीत उभा राहिलो. पहिल्या वर्षी बायांनी माझी रोपं उपटून पुन्हा लावली. पुढच्या वर्षी तशीच राहू दिली.