टाकीत आवाज विरेपर्यंत

रस्त्याखाली काय चाललंय ते आमच्या दादाला रस्त्यावरून कळायचं. पाणीखात्यात तो गळती शोधायचा. भल्या पहाटे रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खालचा नळ कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्याचं काम. तो खडूने फुली मारायचा आणि मजूर डोळे झाकून तिथेच खणायचे. उभ्या नोकरीत फुली चुकली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा स्वारी घरी येऊन न जेवता झोपली. वहिनी होती तोवर तिने हात टेकले होते त्याच्यापुढे.

निवृत्त झाल्यावर खात्याने त्याच्याकडे बागेखालची जुनी टाकी सोपवली. पाणी केव्हाच आटलं होतं. विटांचे खांब, अंधार आणि एका कडेला लाकडी झाकणांचा चर, बस्स. वर बाकावर पेपर वाचणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय आहे याचा पत्ता नसायचा, पण कुठून कुठून प्रवासी चुकतमाकत, चार जणांना विचारत यायचे. बघण्यासारखं तिथे काही नाही. ऐकण्यासारखं मात्र आहे. एक हाक मारली की ती खांबाखांबांतून हिंडत राहते, आणि विरता विरत नाही.

दादाचा नियम एकच होता. आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, पाऊलही हलवायचं नाही. "गप्पा मारायच्या तर वर बाग आहे," म्हणायचा. एकदा कुणी सद्गृहस्थ मधेच हसले, तर त्यांना त्याने सरळ जिना दाखवला.

मी त्याची धाकटी बहीण. वर दारात बसून तिकिटं फाडायचे. आणि एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दादाला ऐकू येईनासं झालं होतं. उजेडात समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बोलणं ओळखायचा. खाली अंधारात ते कसं जमणार? म्हणून सळईचं एक टोक खांबाला टेकवायचा आणि दुसरं दातांत धरायचा. शब्द कळायचे नाहीत, पण थरथर कळायची. ती चालू असेतो पायाशी ठेवलेल्या मिणमिणत्या कंदिलात लोकांना दिसेल असा हात तो वर धरायचा, आणि ती थांबली की बरोबर खाली घ्यायचा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची ऐट आहे. मी खात्यात सांगितलं असतं तर टाकी गेली असती, आणि वहिनीमागे त्याला त्या टाकीशिवाय दुसरं होतं काय? म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

त्या सकाळी दहाबारा जण आले होते. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्याच हिंडणाऱ्या. फोटो काढता काढता त्या मागे राहिल्या. चरावरचं झाकण मोडलं आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. हाड मोडलं. त्या ओरडल्या.

आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. खांबांतून हिंडता हिंडता शब्दांचा पार लगदा झाला होता. लोकांना वाटलं, कुणीतरी हाक मारून बघतंय. दादाच्या दातांत सळई होती. त्याने हात वर केला. बाई पुन्हा ओरडल्या, त्याचा हात वरच. शिकलीसवरलेली माणसं श्वास रोखून ऐकत उभी होती.

त्या चराच्या बरोबर वर, माझ्या खुर्चीशेजारी, हवेची जाळी आहे. तिच्यातून मला शब्द स्वच्छ ऐकू आले. "कुणी या हो. पाय अडकलाय माझा." कंदील घेऊन मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा दादा लोकांना सांगत होता, "इतका सुंदर आवाज वर्षभरात कुणी लावला नव्हता."

बाई वाचल्या. पण आता त्यांना काठीशिवाय चालता येत नाही, हिंडणं तर संपलंच.

खात्याचा अधिकारी येऊन गेला. झाकण कुजलेलं होतं, काकांचा काय दोष, म्हणाला. उद्या येऊन जबाब द्या, झाकणं बदलली की टाकी उघडू. मी सुटकेचा निःश्वास सोडला. खोटं का बोलू?

घरी आल्यावर दादा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला. "त्या बाई खाली काय म्हणत होत्या? खरं सांग."

त्याची नजर माझ्या ओठांवर होती. मी नुसतं शेगडीकडे तोंड फिरवलं असतं तरी विषय मिटला असता. फिरवावंसं वाटलं मला, फार वाटलं. पण ज्याने चुकलेल्या फुलीसाठी जेवण सोडलं त्याला मी काय फसवणार होते? मी त्यांचे शब्द सांगितले, सावकाश, जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी तो अधिकाऱ्यासमोर बसला. "लिहा. मला ऐकू येत नाही. बाई मदत मागत होत्या आणि मी हात वर करून लोकांना थोपवलं."

"मला माहीत होतं साहेब," मी म्हटलं. "मीच लपवलं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "अहो काका, तुम्हाला शब्द कळत नव्हते, तुम्ही तरी काय करणार?"

दादाने त्याचे ओठ नीट वाचले. "शब्द नव्हते कळत. पण आवाज मला फार आवडला होता. त्या आणखी एकदा ओरडाव्यात असं वाटत होतं मला. हेही लिहा."

ते लिहून होईपर्यंत दादा खुर्चीवरून उठला नाही.