सुट्टीच्या शनिवारी आलेली तपासणी

आमच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी शनिवारी असते. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीजही बंद ठेवतात. इथल्या भाजीवाल्याला हे पाठ आहे. पुण्याहून येणाऱ्या तपासनीस साहेबांना कसं असणार? ते मीच सांगायला हवं होतं. ते फोनवर "शनिवारी अकरा" म्हणाले आणि मी आनंदाच्या भरात "या, या" म्हणून बसले. मग यादी केली: शेड झाडणे, मोजपट्टी, नमुन्याचे कागद, नाश्ता... एकूण सतरा कामं. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. शनिवारी सकाळी बटण दाबलं, तर पंखा फिरेना!

ट्रॅक्टरच्या दिव्यांना, हॉर्नला वीज पोचवणारा वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, आम्ही सहाजणी भाड्याच्या शेडमध्ये बनवतो. आजवर दुसऱ्यांकडून उरलेलं काम घ्यायचो. हा नमुना पास झाला तर थेट कारखान्याची ऑर्डर मिळणार होती, आणखी सातजणींना काम मिळणार होतं. रस्त्यापलीकडे परवापर्यंत ज्वारी होती, तिथं तीन नव्या कारखान्यांचे खांब उभे राहिलेत. हीच वेळ होती.

आणि तपासणीचा बोर्ड विजेवर चालणारा. त्यावर हार्नेस जोडला की प्रत्येक वायरीच्या टोकाचा दिवा लागतो.

काष्टीहून आलेली आमची सगळ्यांत जुनी कामगार म्हणाली, "ताई, बोर्डावरचं दिवं गाडीचंच हायत ना? मग टेम्पोची बॅटरी जोडा की!"

आमचा माल नेणारा टेम्पोवाला कुरकुरला, "माझी गाडी मुकी हुईल."

"हुं द्या की भाऊ. तुमी बोलता तेवढं लई झालं!"

साहेब आले तेव्हा बॅटरी टेबलाखाली होती. मी झालेली चूक सरळ सांगून टाकली. ते हसले, पण तपासणीत सूट नाही. प्रत्येक वायर ओढून पाहिली, लांबी मोजली, मग हार्नेस बोर्डावर चढवला. चौदापैकी तेरा दिवे लागले.

काष्टीवालीनं लगेच शेजारचा पेटता दिवा काढून त्या बंद जागी बसवला. लागला!

"दिवा गेलाय साहेब, वायर न्हाई."

साहेबांनी दिवे स्वतः दोनदा अदलून-बदलून पाहिले. मग हार्नेसला चिठ्ठी बांधून सही केली. "मॅडम, पास. हा समोर टांगा. पुढचा प्रत्येक नग याच्याशी ताडून पाहायचा."

त्यांची गाडी गेटाबाहेर पडली आणि शेडमध्ये एकच गलका झाला. कुठं टांगायचा?

"देवाशेजारी!"

"नगं, उदबत्तीनं जळंल की!"

शेवटी दारासमोरची भिंत ठरली. मी खिळा ठोकेपर्यंत दोघी फोनवर होत्या. एक जावेला सांगत होती, "सोमवारी ये. व्हय, खरंच. चष्मा घिऊन ये, वायरी लई बारीक हायत."