डोकीवाले काका

बाजारात त्यांना सगळे डोकीवाले काका म्हणत. लोक मासे घेऊन जात आणि काका नुसती डोकी. "काका, धडाशी काय वाकडं आहे तुमचं?" मासेवाली विचारायची. काका हसून पिशवी पुढे करायचे.

घरी मागच्या खोलीत ते कवटी उघडत. मग त्यांची बायको मेंदूखालची दाण्याएवढी ग्रंथी चिमट्यानं अलगद उचलून स्पिरिटच्या बाटलीत सोडायची. तळ्यातल्या मादीच्या पोटात अंडी भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही. मत्स्यबीज केंद्रात या ग्रंथीचा अर्क टोचला की सोडते. केंद्राला या बाटल्या विकूनच दोघांनी मुलीला शिकवलं आणि ती त्याच केंद्रात नोकरीला लागली.

मग बायको गेली. काका दोन्ही कामं एकटेच करू लागले. त्यांचा हात जड, त्यात कापरा. ग्रंथी फुटायच्या, आणि फुटली की तिचा गुण जायचा. फुटलेल्याही ते बाटलीत टाकायचे, कारण टाकून द्यायला मन धजत नव्हतं.

त्या हंगामात मुलीनं त्या बाटलीतला अर्क एका मोठ्या मादीला टोचला. मादीनं अंडी सोडलीच नाहीत. भरल्या पोटानं ती टाकीत उलटी तरंगली.

मुलगी घरी आली आणि मादी मेल्याचं तिनं सांगितलं. काकांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"माझ्या बाटलीतलंच होतं?"

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "बाबा, आता नवं इंजेक्शन येतंय. त्याला ग्रंथी लागत नाहीत."

"मग कशाचं करतात?"

"माशाची स्वतःची ग्रंथी असतेच की. मेंदूतून एक बारीकसं पेप्टाइड येतं, ते तिला सांगतं, आता हार्मोन सोड. तळ्यात मेंदू ते पुरेसं सोडत नाही. तसलंच कारखान्यात बनवलंय. ते टोचलं की पुढचं काम मासा आपलं आपण करतो."

काका म्हणाले, "म्हणजे सगळं त्या मादीच्याच डोक्यात होतं. आम्ही उगाच दुसऱ्यांची डोकी फोडत बसलो."

"उगाच नाही, बाबा. तेव्हा दुसरं काही नव्हतंच."

"तुझ्या आईला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "डोळ्यांवर फार ताण यायचा तिला."

केंद्रानं बाटल्या घेणं बंद केलं. मुलीनं मासेवालीला जाऊन सांगितलं, बाबांना आता डोकी देऊ नका. मासेवाली म्हणाली, "मी नाही म्हणून बघितलं गं. तर इथंच उभे राहिले. मला नाही बघवलं."

मुलगी तशीच घरी आली. मागच्या खोलीत काका वाकून बसले होते, हातात चिमटा होता. समोरची ग्रंथी अख्खी निघाली होती. त्यांनी ती मुलीला दाखवली. ती शेजारी बसली आणि तिनं बाटलीचं बूच काढून दिलं.