एका वेळी एकच सूर

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही बेळगावजवळच्या हिंडलग्याचे, ती लग्न होऊन कोगनोळीला गेली. आई दिवसभर रानात असायची, म्हणून मला वाढवलं ते हिनंच, आणि मला झापायचा हक्क तिनं अजून सोडलेला नाही. गेल्या काही वर्षांत मात्र तिचे कान गेले. आधी फोनवर बोलणं बंद झालं, मग लग्नाबारशाला जाणं. चारचौघं हसली की आपणही हसायचं आणि कशाला हसलो ते ठाऊक नाही, याची तिला फार लाज वाटायची. बोलून बोलून सगळ्या घराला दमवणारी बाई आता सोप्यात गप्प बसून शेंगा फोडायची.

भाच्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, तिला बेळगावात आणून कानाचं मशीन बसवलं. मशीन बसवणाऱ्या बाईंचं मराठी कन्नड वळणाचं होतं, 'फार'ला 'भाळ' म्हणणारं. त्या म्हणाल्या, "कान भाळ दिवस झोपलेत, आज्जी. स्वल्प स्वल्प सवय करा. शांत बसायचं, एका वेळी एकच आवाज ऐकायचा. मशीन काढून ठेवलात तर पुढं सवय होणं कठीण."

आता कोगनोळीत शांत कुठं बसायचं? समोर हायवे, चेकपोस्टला खोळंबलेले ट्रक, घरात टीव्ही, मिक्सर आणि दावणीला हंबरणारं वासरू. आठवडाभरात आक्कानं मशीन डबीत घातलं आणि डबी कपाटात टाकली. "समदं एकदम कानात घुसतंय रं," ती म्हणाली. "बाजारात मधोमध उभं केल्यागत हुतंय. त्यापरास माझं भैरंपण बरं."

मी चिडलो. मला राग लवकर येतो आणि आला की काहीतरी उद्योग सुचतो. यावेळी माउथऑर्गन सुचला.

माउथऑर्गन माझ्याकडं होता. मोबाइलवरचे धडे बघून मी तो शिकत होतो, म्हणजे शिकतोय असं सांगत होतो. एका वेळी एकच आवाज ना? मग आक्का मला पाळण्यात झोपवताना म्हणायची ती चाल वाजवायची. ओळखीची चाल आणि त्यात एकेक सुटा सूर, मशीन काढावंसंच वाटणार नाही तिला! कल्पना इतकी झकास वाटली की मी स्वतःवरच खूश झालो. रविवारी निपाणीवरून पुढं जाणारी बस धरून थेट कोगनोळी गाठली, टीव्ही बंद करायला लावला, हातापाया पडून तिच्या कानात मशीन घातलं आणि वाजवायला लागलो.

अडचण एवढीच होती की मला एक सूर वाजवताच येत नव्हता. माउथऑर्गनची घरं एकमेकांना अगदी खेटून असतात. ओठ जरा पसरले की शेजारची दोन घरंही बोलायला लागतात, आणि मी तर तो मक्याच्या कणसासारखा धरायचो. चौथ्या घरात फुंकलं की सा आणि श्वास आत ओढला की रे, हे पाठ होतं, पण माझ्या 'सा'सोबत आजूबाजूचं सगळं गणगोत बाहेर पडायचं.

आक्कानं दोन्ही हातांनी मशीन उपसून काढलं. "बंद कर त्ये! ट्रकवाल्यांचे भोंगं काय कमी हाईत व्हय?"

डबी परत कपाटात गेली. मी चहा प्यायलो आणि निघालो. माझ्यामुळं ती आता मशीनला कधीच हात लावणार नाही, ही भीती परतीच्या बसमध्ये बेळगावच्या अलीकडची काकती आली तरी डोक्यातून जाईना.

घरी मग मी हट्टाला पेटलो. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी परड्यात उभा राहून फुंकायचो. आमच्या हिंडलग्यात मोठा तुरुंग आहे. बायको म्हणाली, "आतल्यांना कोर्टानं दिलीय तेवढी शिक्षा पुरे की. वर ही आणि कशाला?" धड्यातला माणूस सांगायचा, ओठांचा चंबू करा. मी सिटीबसमध्येही चंबूचा सराव करत बसायचो. एकदा समोरच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि उठून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या. एवढं करूनही सूर काही सुटा होईना. ओठ जितके आवळायचो तितकं जास्त फुंकावं लागायचं, आणि जितकं जास्त फुंकायचो तितका तो पिपाणीसारखा किंचाळायचा. चूल पेटवताना फुंकणीत जीव ओतायची सवय, दुसरं काय?

पुढं पुन्हा कोगनोळीला गेलो तेव्हा मशीनचा विषयच काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण माउथऑर्गन खिशात होता. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती, भाचा आणि त्याची बायको रानात गेली होती. मनात म्हटलं, बहिऱ्या बहिणीसमोर सराव करण्याइतकी निवांत जागा जगात दुसरी नाही. भिंतीला टेकून बसलो आणि सुरू झालो.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"गाल बघ की बेडकावानी फुगवलास! आन् कपाळाच्या शिरा? अरं, बैलं पाण्याला नेल्यावर काय करायचास?"

आमच्याकडं बैल हौदाला तोंड लावून उभे राहिले की हळू शीळ घालतात. शिळेनं जनावर बिचकत नाही, पोटभर पाणी पितं. ही शीळ मला आक्कानंच शिकवली होती. पोरीच्या जातीनं शीळ घालू नये म्हणून आई रागवायची आणि ही आईची पाठ वळली की घालायची. त्या शिळेला जोर अजिबात लावत नाहीत. ओठ ओले, सैल आणि श्वास नुसता सोडलेला.

तिनं तोंड करून दाखवलं. दात नसलेल्या तोंडाची शीळ, नुसता वारा आला, पण मला कळलं. मी डोळे मिटले, बैल समोर आहेत असं मानलं, ओठ सैल सोडले आणि चौथ्या घरात नुसता श्वास सोडला.

एकटा सा निघाला. मागेपुढे कुणी नाही, कोवळा, स्वच्छ. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पुन्हा सोडला, पुन्हा तोच. मग ओढून रे. मग शेजारच्या घरातला ग.

डोळे उघडले तर आक्का माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. "लागला व्हय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती सुपातल्या शेंगा सोडून उठली, कपाटातून डबी काढली आणि मशीन स्वतःच्या हातानं कानात बसवलं. "वाजीव," म्हणाली.

पाळण्याच्या चालीची मला एक ओळच येत होती. ती मी वाजवली, एकेक सूर सुटा करत, मध्ये थांबत. हायवेवरनं ट्रक जात होते, पण ती माझ्याकडं कान करून, मान तिरकी करून बसली होती. ओळ संपली. मी थांबलो. पुढचं येतच नव्हतं.

आक्का मात्र थांबली नाही. दुसरी ओळ तिनं म्हटली. आवाज चिरका झाला होता, वर चढताना फाटत होता, पण चाल तीच होती. आपलाच आवाज ऐकून ती मध्येच दचकली, मग हसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. माझ्या डोळ्यांना धार लागली.

ते लपवायला मी उठलो आणि नेहमीच्या सवयीनं तिच्या कानाशी वाकून ओरडलो, "आक्का, चहा टाकू काय?"

तिनं माझ्या दंडावर एक चापट मारली. "वरडतुयास कशाला रं? मी काय भैरी हाय व्हय?"